साहेबांची पट्टी

१२ एप्रिल १९८६
सातवं गाणं मशीनवर चढलं. ड्रम नि बास आधी एकत्र केले, मग गिटार, मग की-बोर्ड. चौथा ट्रॅक गळ्यासाठी रिकामा. सगळं मीच वाजवलं. मेव्हण्याने मस्कतहून हे चार ट्रॅकचं रेकॉर्डिंग मशीन आणलं तेव्हाच ठरवलं होतं, दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. एका दिवसावरची नऊ गाणी, पहाटेपासून निजेपर्यंत, मध्ये खंड नाही. मराठीत गिटारवर असं कोणी केलेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही.
रेकॉर्डिंग चालू असताना कूलर बंद. सुमन डोक्यावर ओला टॉवेल घेऊन पोळ्या लाटत होती. "तुमच्या कॅसेटीपायी मी इथं वाळून राहिले."

२० एप्रिल
उमरेडला कार्यक्रम. बोर्डावर नेहमीचंच, "साहेबांचा हुबेहूब आवाज" ठळक, माझं नाव खाली बारीक. (खरं तर मुंबईच्या त्या मोठ्या गायकाचं आख्खं नाव लिहितात. आम्ही ऑर्केस्ट्रावाले नुसतं साहेब म्हणतो.) वीस वर्षं हेच. दोन वन्स मोअर. परतताना गाडीत कोंगोवाला गजानन म्हणे, "लेका, डोये मिटले का साहेबच उभे राह्यतेत." कंबर दुखत होती. झोपेचं सोंग घेतलं.

४ मे
नऊही गाऊन झाली. सुमनला समोर बसवून ओळीने ऐकवली. ती मध्ये एकदाही उठली नाही. संपल्यावर म्हणाली, "छान झाली जी. अगदी साहेबांसारखी."
जेवलो नाही. तिला कळलं नाही काय झालं ते.

६ मे
हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. तिचं खरं आहे. ओळीचा शेवट नाकात नेऊन सोडणं, 'र' किंचित घोळवणं, श्वासाआधीचा हलका हुंकार, एकूण एक लकब त्यांची. शब्द माझे, चाल माझी, तारांवरची बोटं माझी. गाणारा मात्र...
मला गुरू नाही. रेडिओला कान लावून शिकलो, याचाच तोरा मिरवला आजवर. रेडिओत कोण होतं हे कधी हिशेबात धरलं नाही.

११ मे
इको बंद करून गायलो. साहेब. उभं राहून. साहेब. गरम पाणी पिऊन, डोळे उघडे ठेवून. साहेबच.
शेवटी सुमनला विचारलं, मग माझा आवाज असतो तरी कसा? हसायलाच लागली. "दूधवाल्याशी भांडता तवा ऐकत जा ना स्वतःले!" चिडलो. दुपारभर तेच डोक्यात.

१४ मे
सापडलं. भांडताना आवाज खाली असतो, छातीत. आणि मी नऊच्या नऊ गाणी काळी दोनमध्ये बांधून बसलोय. ती साहेबांची पट्टी. गिटार घेतली की बोटं आपोआप तिथे जातात, इतक्या वर्षांत विचारच केला नाही. माझा गळा त्याहून खालच्या पांढरी एकला सैल सुटतो.
म्हणजे नुसतं पुन्हा गाऊन भागत नाही. गिटार, की-बोर्ड नव्याने. बास ड्रममध्ये मिसळलेला, म्हणून ड्रमही. हिवाळ्यापासूनचं सगळं काम. मस्कतच्या चांगल्या टेपा संपल्या, आहेत त्याच पुसाव्या लागतील.
आता हे करायचं वय आहे का माझं.

१९ मे
सीताबर्डीला कॅसेटवाल्या शेठकडे गेलो. जुनीच टेप ऐकवली. दुसऱ्याच गाण्याला उठून हात धरला त्याने. "मास्टरजी, गणपतीच्या आधी बाजारात आणतो. कव्हरवर ठळक टाकू, हुबेहूब आवाज!" मी विचारलं, माझ्याच आवाजात दिलं तर?
"आपकी आवाज को पहचानता कौन है, मास्टरजी?"
वाईट हेतूने नव्हे, सरळच म्हणाला. जूनअखेर टेप हवी. नाही तर दुसऱ्या कोणाची कॅसेट काढेल.
उन्हात सायकल हाणत प्रतापनगरला परत.

२७ मे
पहिलं गाणं पुसलं. पुसताना मशीनचा काहीच आवाज होत नाही. चाकं फिरतात, बस.

३ जून
पहिलं गाणं पांढरी एकमध्ये झालं. बास या पट्टीत जास्त भरीव लागतो, हे आधी सुचायला हवं होतं. गळा जाडा, मध्ये खरखर, वर गेला की फाटतो. एके ठिकाणी साहेबांचा 'र' निसटलाच. पाठ धरली आहे. आठ बाकी, नि जून तर लागलाही.
सुमनने ऐकलं. पदराला हात पुसले. मग, "सवय व्हाले वेळ लागन." कोणाला, ते सांगितलं नाही.

८ जून
जरीपटक्याहून गजानन आला. काही न सांगता नवं गाणं लावलं. टेबलावर ठेका धरून ऐकत होता, मध्येच बोटं थांबली.
"गिटार तुही हाय. चालबी तुहीच. हा गाऊन कोन राह्यला गा?"
म्हटलं, ओळख.
दोघा-तिघांची नावं घेतली. धरमपेठेतल्या एका म्हाताऱ्या भजनीबुवाचंसुद्धा. मग वैतागला. "तुहं गानं बाप्पा, मंग गाले दुसऱ्याले काहून देल्लं?"
ओठांवर आलं होतं. टेप मागे फिरवली.
"लाव पुन्हा," म्हणाला. लावलं. या वेळी ठेका नाही, मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं. चहा न घेताच गेला.
दुसरं गाणं मशीनमध्ये घातलेलं आहे. काळी दोन. स्वच्छ, सुरेल, कुठेही न फाटणारं. अजून पुसलेलं नाही.