मुग्धाच्या क्रियापदाची रूपं

४ ऑगस्ट, सोम.
बिबवेवाडीतलं टाइल्सचं दुकान सुटलं तसा थेट कोथरूड, मुग्धाकडे. साखरपुड्यापासून तिचे भाषाशास्त्राचे पाठ मीच म्हणून घेतो. कागद माझ्या हातात, डोळे मिटून ती. सध्या एकच क्रियापद, बेरनं, म्हणजे वाहून नेणे. इंग्रजी-जर्मनच्या आईच्या भाषेतलं. ती भाषा लिहिलेली जवळजवळ कुठेच नाही. मुलींच्या तोंडावळ्यावरून आईचा चेहरा काढायचा, तशी शोधलेली. म्हणून प्रत्येक रूपाआधी चांदणी, म्हणजे 'अंदाजाने' अशी खूण. बेरो, बिरिझि, बिरिदि. सगळी रूपं सुवाच्य लिहून दिली.
तिची आई : "जावईबापू, परीक्षेला तुम्हीच बसा. तुमचं बारावीचं राहिलंय, तेही उरकेल."

९ ऑगस्ट, शनि.
'आम्ही वाहतो'ला बेरमिझ म्हणाली. कागदावर बेरमझ. थांबवलं.
"निनादच्या पुस्तकात मिझ आहे."
"मग खरं कुठलं?"
"ऐकलंय कुणी, वेड्या?"
निनाद तिच्या वर्गातला. त्याने तिला दाखवलं, 'ते वाहतात'चं बेरन्दि आणि संस्कृतातलं भरन्ति एकाच मुळातलं. सांगताना केवढी खुलली होती! भरन्ति मलाही दहावीपर्यंत होतं की. दिसलं नाही, एवढंच. चहा न घेता निघालो. बसचं कारण सांगितलं.

१२ ऑगस्ट, मंगळ.
गेलो तर फोन स्पीकरवर, आणि नि. तिचा पाठ म्हणून घेतोय. ती चुकली. तो हसला, तीही. माझ्यापुढे चुकली की चिडते.
"ये ना, बस."
बसलो. त्याचे उच्चार चांगले आहेत. हे लिहायला नको होतं, पण खाडाखोड मला खपत नाही.

१६ ऑगस्ट, शनि.
जर्मनीच्या विद्यापीठात जागा एकच. अर्ज दोघांचे. मिळाली तर मुग्धा दोन वर्षं तिकडे, लग्न पुढे. नाहीतर नि. जाईल. जाऊ दे की त्याला. माझ्या आईने कार्यालय बघून ठेवलंय. तिला अजून काही सांगितलेलं नाही.

१७ ऑगस्ट, रवि.
सकाळीच मुग्धा नारायण पेठेत, आमच्या घरी. उद्या मुलाखत, रूपं विचारणारच.
"निनादला आता कसं सांगू? तूच घे म्हणून."
सुखावलो.
आज भूतकाळ. बर, बर्त, बर. बेरुम. मग एकदम बेरुन. मधलं 'तुम्ही'चं, बेरुद, गाळलं.
"पुन्हा म्हण."
म्हणाली. पुन्हा गाळलं.
"बरोबर ना रे?"
मी नुसती मान डोलावली. तिचे डोळे मिटलेलेच होते.