अर्ध्या किलोचा गठ्ठा

कारा-झार,
३ जून २०११

प्रिय चोल्पोन,

तुझ्या उजव्या हाताला आराम पडला का? दिवसभर शिलाई मशीनवर बसतेस, रात्री तरी शेकत जा. इथे सगळं ठीक. जर्दाळू यंदा कमी धरलेत, तुझी मीरिम माझ्यापेक्षा उंच झाली आहे आणि माझे गुडघे चार जिन्यांपुढे हरलेत. दोन महिने झाले, मी खाली उतरलेली नाही. पाव, पाणी, औषध, सगळं तीच आणते.

रद्दीचा तो दिवस तुला आठवतो का? सन अठ्ठ्याऐंशीचा मार्च. वीस किलो रद्दी दिली की चिठ्ठी मिळायची, आणि चिठ्ठी दाखवली की एरवी नजरेलाही न पडणारं पुस्तक. तुला ते अंतराळयानाचं निळ्या पुठ्ठ्याचं हवं होतं. मलाही, तुझ्याइतकंच. तू सहा वर्षांची असल्यापासून आपण स्वयंपाकघरात शेगडीला पाय लावून यानांच्या गोष्टी वाचायचो. बाबा खाणीतून आले की म्हणायचे, "एका घरात दोन वेड्या! उतरा आता गुरूवरून, भूक लागलीय." गावाच्या वेशीवर पहारा होता, बाहेर पडायला परवाना लागायचा. आपण मात्र रोज संध्याकाळी सूर्यमालेबाहेर जाऊन यायचो.

त्या दिवशी घसरगाडी ओढत दारोदार फिरलो, आणि काट्यावर भरली साडेएकोणीस. काट्यावरचा रिनात म्हणाला, "अर्धा किलो कमी, बुरुलबाई. माझी सासू आली तरी नियम म्हणजे नियम."

तू म्हणालीस, "मग सासूलाच ठेवा ना काट्यावर!"

तो इतका हसला, तरी चिठ्ठी देईना. मग मी घरी धावले आणि धापा टाकत एक गठ्ठा घेऊन आले. तू माझ्या गळ्यात पडलीस. अजूनही लोकांना सांगतेस, माझ्या पुस्तकासाठी आई बर्फातून धावली होती.

त्या पुस्तकातलं यान तुला आठवत असेल. आत जन्मलेल्या माणसांना बाहेर काही आहे हेच माहीत नसतं. तू विचारलं होतंस, "दाराची किल्ली कप्तानाकडे आहे, मग तो उघडत का नाही? वाईट आहे का?"

मी म्हणाले होते, "वाईट नाही गं. घाबरलेला आहे."

आज मीरिम शाळेच्या बागेत कामाला गेली आहे म्हणून लिहिते आहे. फोनवर ती शेजारीच बसलेली असते. गेल्या आठवड्यात ती निळं पुस्तक मिटून म्हणाली, "आजी, बिश्केकच्या शाळेतून काहीच आलं नाही. मला घेतलं नसेल." तुझेच शब्द, चोल्पोन. त्याच खिडकीत, तसंच नखाने काच खरवडत.

तिला घेतलं आहे. पत्र येऊन नऊ दिवस झाले. मी ते पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं.

आणि तुलाही घेतलं होतं.

मी तेव्हा टपालकचेरीत पत्रं निवडायला बसायचे, हे तुला माहीतच आहे. फ्रुंझेच्या, म्हणजे आताच्या बिश्केकच्याच, गणिताच्या शाळेचं जाड पाकीट माझ्याच हाती आलं. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. घर खाणीचं, माझी नोकरी इथली, मला परवाना मिळणार नव्हता. तू गेलीस की या खोल्यांत माझ्याशी बोलणारं कोणी उरणार नाही, एवढंच डोक्यात होतं. पाकीट चार दिवस गादीखाली होतं. रिनातने अर्धा किलो मागितला तेव्हा मी जुनी वर्तमानपत्रं उचलली आणि ते मधोमध घातलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एकच पत्र पोचवलं नाही.

तू याच गावात राहिलीस, इथेच लग्न केलंस, आणि आता परक्या देशात दुसऱ्यांचे कोट शिवतेस. माफी मागत नाही. मागायचा हक्क नाही.

मीरिम गेली की हे चार जिने आणि मी. भीती तेव्हाची तशीच आहे, गुडघ्यांसारखी मुरलेली. म्हणून हे आजच लिहून गाठोड्यात घालते, उद्यावर टाकत नाही.

शेजारची गुल्सून शनिवारी बसने तुमच्या येकातेरिनबुर्गला निघते आहे. तिच्याजवळ गाठोडं देते आहे. दह्याच्या वाळवलेल्या गोळ्यांतले निम्मे तिला दे, वजनावरून कुरकुरेल ती. लोकरीचे हातमोजे तुझे. निळं पुस्तकही तुलाच. मीरिमला ते पाठ आहे. ठेव, नाहीतर फाडून टाक.

शाळेचं पाकीट पुस्तकात आहे. दोन ठिकाणी आईची सही लागते, वीस तारखेच्या आत. सही करून थेट शाळेला पाठव. मीरिमला फोन करून तू स्वतः सांग, मला आधी न विचारता.

या पत्त्यावर काही पाठवू नकोस. पोस्टातली मुलगी अजून टपाल वर आणून माझ्याच हाती देते.

तुझी आई,
बुरुल