टपावर शिलाई

३ मार्च, मंगळवार

सोलर पॅनल आलं. ह्यांनी ते आणून थेट पलंगावर निजवलं — माझ्या बाजूला. मी दुपारी खुर्चीत डुलक्या काढल्या.

जुनी व्हॅन घेऊन झाली. मागे झोपायची सोय केली, ओटा केला, पडदे शिवले. शिंप्याचीच गाडी ती, पडद्यांना झालर हवीच. आता टपावर वीज तयार करणार. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला होता, "काका, मी देतो बसवून." ह्यांचं उत्तर — "उभा जन्म मापं घेण्यात गेलाय माझा." गेलाय हो. माणसांची.

५ मार्च

हा खटाटोप माझ्यासाठी चाललाय, म्हणून मी फार बोलत नाही. थोडं बोलते.

झोपेत माझा श्वास मध्येच थांबतो. नाकावर मास्क लावून मशीन सुरू केल्याशिवाय झोपायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. आणि लेक राहते धरणाच्या कामावर, डोंगरात. तिथला जनरेटर रात्री बंद करतात. तिचं घर मी अजून पाहिलेलं नाही. तिला सुट्टी मिळत नाही, मला जाता येत नाही. नातीला वाटतं, आजी फोनमध्ये राहते.

८ मार्च

आज हसून हसून पोट दुखलं.

ह्यांनी पॅनलचा खाकी कागदावर खाका काढला, अगदी सदऱ्याचा काढतात तसा. खडूने टपावर खुणा केल्या, ड्रिलने भोकं पाडली, ब्रॅकेट आवळले. मग आम्ही दोघांनी शिडीवरून पॅनल वर चढवलं — आणि ते चारही बाजूंनी सैल! ब्रॅकेटपर्यंत पोचेचना. हे बघतायत, मी बघतेय. मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अहो, तुम्ही शिलाई धरलीत का?"

धरली होती! चारही बाजूंना शिवणीत जायला म्हणून अर्धा-अर्धा इंच जास्त. हाताला सवय. कापड असतं तर आत दुमडलं असतं, पत्रा कुठे दुमडणार?

म्हणाले, "कुणाला सांगू नकोस."

लेकीला सांगितलं. एवढी हसली की नात दचकून रडायला लागली.

९ मार्च

नवी भोकं पाडली. जुनी सिलिकॉनने बुजवून वर पत्र्याची ठिगळं लावली. ठिगळं मात्र सुबक, कडा गोल केलेल्या. गिऱ्हाइकांच्या नशिबी असलं काम कधी आलं नाही.

१० मार्च

नळीने टपावर पाणी सोडून पाहिलं. मी आत आडवी. थेंब बरोबर माझ्या कपाळावर.

१४ मार्च

गळणं थांबलं. वायर आत आली, बॅटरीला जोडली. मीटरवर हिरवा दिवा लागला, तर हे टाचणी तोंडात धरल्यासारखे गप्प उभे. डोळे भरले होते. मी चिडवणार होते, राहून गेलं.

१७ मार्च

काल अंगणातच गाडीत झोपून पाहायचं ठरलं. मशीन लावलं, छान चाललं. पण मलाच काही झोप येईना. बंद पडलं तर? डोळाच उघडला नाही तर? शेवटी मशीन उचललं आणि घरात येऊन पलंगाशेजारच्या बटणाला लावलं. लगेच झोपले.

घरातल्या बटणावर माझा भरवसा आहे. ह्यांच्या टपावर नाही. खरं तेच लिहितेय, पण त्यांना कसं सांगू?

१८ मार्च

सांगावं लागलं नाही. सकाळी पांघरुणाची घडी घालता घालता म्हणाले, "विकून टाकू गाडी. चांगली किंमत येईल."

मी म्हटलं, झालर लावलेली गाडी कोण घेणार? हसले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

२० मार्च

लेकीचा फोन. "आई, निघायचं कधी ठरलं?" बघू म्हटलं.

२३ मार्च

काल वादळात सगळ्या भागाची वीज गेली. पलंगाशेजारचं बटण दाबून दाबून पाहिलं. मग गाडीत गेले. दुसरा इलाजच नव्हता. उजाडेपर्यंत झोपले, मशीन एकदाही थांबलं नाही.

सकाळी म्हटलं, आजच निघू. हे म्हणाले, "अगं, वीज तरी येऊ दे."

तिची वाट कशाला बघायची आता?