शिवणी ते बेलोरा, पंधरा मिनिटे

बेलोरा, जि. अमरावती
३ ऑक्टोबर २००३

ती. स्व. श्रावणदादास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तू घरी पोचल्याचे कार्ड मिळाले. हिवरखेडहून इथे यायला तुला चार गाड्या बदलाव्या लागल्या आणि परतवाड्याच्या जीपमध्ये एका बाईने तुझ्या दुखऱ्या गुडघ्यावर कोंबड्यांची टोपली ठेवली, हे भावना सगळ्यांना सांगते. तिचे बाबा गेल्यापासून पोर तेवढीच हसली.

एक विचारायचे आहे. फवारणीच्या विषाने ज्यांची माणसे गेली, त्या आम्हा चौघींना भेटायला मंत्रीसाहेब येणार आहेत. काल तलाठी सांगून गेला. अकोल्याच्या शिवणीहून विमान पंधरा मिनिटांत बेलोऱ्याच्या धावपट्टीवर येते. साहेब तिथेच अर्धा तास थांबणार. आम्ही जीपने जाऊन मंडपात बसायचे. मदतीचा कागदही तिथेच देणार.

धावपट्टी आमच्या अंगणातून दिसते. मी म्हटले, ज्याच्या घरचे माणूस गेले तो सांत्वन घ्यायला बाहेर जात नाही, लोक त्याच्या घरी येतात. तर तलाठी म्हणाला, बाई, साहेबाले टाइम नाही.

मी जाणार नाही. तुझे मत कळव.

माया आहे ती राहू दे.
दुर्गा


हिवरखेड, जि. अकोला
८ ऑक्टोबर

चि. दुर्गास,
जयभीम आणि आशीर्वाद.

आधी ठरवतेस, मग मत विचारतेस. लहानपणी बांगड्या भरून यायचीस आणि मग आईला विचारायचीस, भरू का?

तरी सांगतो, जा. मोतीरामजी गेले, भावनाची बारावी आहे, तुझे हातावर पोट. तुझी वहिनी म्हणते, घंटाभर मंडपात बसल्याने कोणाचे नाक कापले जात नाही. कागद हातात पडू दे, मग पाहिजे तेवढी भांड.

गुडघा सुजला आहे, नाहीतर मीच येऊन तुला जीपमध्ये बसवले असते.

तुझ्या काळजीत,
श्रावणदादा


बेलोरा
१६ ऑक्टोबर

ती. स्व. दादास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझे ऐकले नाही. रागावू नकोस.

परवा अंगण सारवले, सतरंजी अंथरली, पाण्याचा तांब्या भरून ठेवला. जीप आली तेव्हा म्हटले, साहेबांना सांगा, घर समोरच आहे, यावे, बसावे. तलाठी चिडला. कागद अडकला तं माह्या नावानं बोंबलू नको, म्हणाला. मी म्हटले, नाही बोंबलणार.

विमान डोक्यावरून गेले, टिनपत्रे थरथरली. थोड्या वेळाने ते परतही गेले. सतरंजी तशीच होती. उचलायला वाकले, तर दारात तानुबाई. पलीकडच्या गावची, तिचा मुलगा याच विषाने गेला. मंडपात तिला साहेबांशेजारी उभे करून फोटो काढला. मुलाचे नाव कोणी विचारले नाही. परत सोडताना ती आमच्या दाराशी जीपमधून उतरली.

सतरंजीवर बसली, पाणी प्याली आणि तिने मला यांचे नाव विचारले. लग्नापासून मी ते तोंडाने घेतले नव्हते. त्या दिवशी घेतले. मोतीराम. मग मी तिच्या मुलाचे विचारले. ती म्हणाली, गोवर्धन. त्यानंतर आम्ही दोघी पुष्कळ रडलो. भावनाने चूल पेटवून चहा केला.

कागद आलेला नाही. तलाठ्याला निरोप धाडला आहे, आणायचा तर घरी आण, आधी बस, पाणी पी, मग सही करीन.

सतरंजी काढलेली नाही. गुडघा बरा झाला की चार गाड्या बदलून ये. वहिनीलाही आण, आणि लोभ कमी करू नकोस.

तुझी बहीण
दुर्गा मोतीराम