टर्बोला उतरलेल्या कोंबड्या

किमिलिली,
९ मार्च १९८६

सिटावा हिस,
अ. उ. आ. रिवाज म्हणून लिहिले आहेत, मनातून आलेले समजू नकोस.

शनिवारी एल्डोरेटच्या बसच्या टपावरून कंडक्टरने एक पोतं खाली सोडलं. मला वाटलं, खाएम्बाने पगारातून साखर पाठवली. अंगणात आणून तोंड सोडलं तर आतून तुझी बदकं. नर बाहेर आला तो सरळ माझ्या पाण्याच्या घागरीकडे, माद्या त्याच्या मागे. संध्याकाळपर्यंत सुकुमाच्या भाजीचा वाफा चिखल झाला होता. माझ्या कोंबड्या सकाळी अंगण झाडून काढल्यावर नीट वाळवी टिपायला जातात, आपापल्या जागी अंडी घालतात. तुझी ही बया चालता चालता कुठेही अंडं टाकते आणि मागे वळूनही बघत नाही. नर तर ओरडतही नाही, नुसता फुसफुसतो. आपल्या नवऱ्याचीच आठवण होते.

गावातल्या बायकांनी विचारलं की शहरातल्या सवतीने आहेर पाठवला का. मी म्हटलं, तिने घाण पाठवली.

आणि एक. महिनाअखेरीला खाएम्बा इथून परत निघतो तेव्हा दर वेळी माझ्या खुराड्यातली एक चांगली तलंग पाय बांधून नेतो. धाकटीला शहरात ताजं काही मिळत नाही, असं म्हणतो. मी कधी नाही म्हटलं नाही. पण खाऊन झाल्यावर दोन शब्द लिहावेत इतकंही वळण तुझ्या आईने लावलं नाही, याचं नवल वाटतं.

बदकं कधी नेतेस ते कळव.
तुझी थोरली,
नासाम्बू


एल्डोरेट,
२३ मार्च १९८६

ती. थोरल्या बाईंस,
सिटावाचा सा. न. वि. वि. माझ्या आईपर्यंत गेलात, म्हणून मीही आज तोंड आवरणार नाही.

बदकं मी पाठवलेली नाहीत. ती पिल्लं असल्यापासून, ह्यांना घरात नको असतानाही, मी न्हाणीतल्या टोपात वाढवली. घरमालकाच्या बायकोला रोज अंडी देऊन तिचं तोंड बंद ठेवलं. ह्यांनीच सांगितलं की थोरलीने निरोप धाडलाय, तिला बदकं हवीत, हट्ट धरून बसलीय. मी दोन दिवस जेवले नाही. नर माझ्या हातातून मका खातो, मी गिरणीतून ह्यांच्या डब्याची ताटली घेऊन आले की माझ्या मागे मागे येतो. तुम्ही त्याला काठीने हाकलत असाल, हे मला इथे बसून दिसतंय.

राहता राहिल्या तुमच्या कोंबड्या. बाई, या घरात घेवडा शिजतो, ओमेनाची सुकी मासळी शिजते, पगाराच्या दिवशी पावशेर मटण शिजतं. तुमची कोंबडी मी खाल्लीही नाही आणि पाहिलीही नाही. द्यायचं नसेल तर देऊ नका, पण दिल्याचा डंका पिटू नका. गावात मोठेपणा मिरवायला माझं नाव वापरता, तेवढं थांबवा.

बदकांना सांजेला ओला कोंडा लागतो. नुसता सुका घातलात तर घशात अडकतो.
मान राखून पण रागाने,
सिटावा


किमिलिली,
१३ एप्रिल १९८६

सिटावा हिस,
आशीर्वाद पुढच्या पत्रापर्यंत बाजूला ठेवते.

खोटं बोलायचं तर थोडं सांभाळून बोलावं. डिसेंबरात गेली ती उघड्या मानेची लाल. जानेवारीत ठिपक्यांची. फेब्रुवारीत उलट्या पिसांची, जिच्यावर माझा जीव होता. माझ्या प्रत्येक कोंबडीच्या डाव्या पायाच्या मधल्या बोटाचं टोक मी पिल्लूपणीच उडवते, शेजारणीने आपली म्हणू नये म्हणून. तुझ्या ताटातल्या तंगडीला बोट कमी दिसलं नाही का? तू ती कांदा घालून कशी परतलीस, रस्सा किती लाल झाला, हे खाएम्बा इथे माझ्या चुलीपुढे बसून सांगतो. मी आपली ऐकते.

ही जात माझ्या आईने मला लग्नात दिली. आई गेली, तिच्या कोंबड्या राहिल्या. तुला काय कळणार.

घार आली होती. तुझ्या नराने तिला पंखाने असं झोडपलं की पिल्लू टाकून पळाली. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.
नासाम्बू


किमिलिली,
२० जुलै १९८६

सिटावा,
तू उत्तर दिलं नाहीस, बरं केलंस. आता हे वाच.

मानमोडी आली. आधी एक कोंबडा कोपऱ्यात पिसं फुगवून बसला. मग हिरवी हगवण, मग मान पिळवटून पाठीवर. मी राख केली, मिरची पाण्यात कालवून पाजली, कोरफड घातली, शेजारीण सांगेल ते सगळं केलं. एकेक करून सगळ्या गेल्या. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडीसुद्धा टोपलीतच मेली. मी त्यांना केळीच्या खाली पुरलं आणि खुराडं जाळलं. आता सकाळी अंगणात उतरले की पायात कोणी येत नाही.

आणि तुझी बदकं? धडधाकट. एकाचंही पीस वाकडं नाही. अख्खं गाव म्हणतंय, शहरातून रोग पोत्यात बांधून आला. पशुवैद्यकाचा माणूस म्हणाला की बदकं तो रोग अंगावर वागवतात आणि स्वतः मरत नाहीत. तुझ्यासारखीच.

माझ्या आईची जात संपली. तू ती संपवलीस. येत्या रविवारी तुझी बदकं कापून शेजाऱ्यांत वाटून टाकणार आहे. रडायचं तर आत्ताच रडून घे.
नासाम्बू


एल्डोरेट,
३ ऑगस्ट १९८६

थोरल्या बाई,
नमस्कार वगैरे नंतर. सुरी अजून चालवली नसेल तर आधी खाली ठेवा आणि पत्र पुरतं वाचा.

तुमचं एप्रिलचं पत्र आल्यापासून मी गप्प होते, कारण मी बघत होते. तुम्ही पिसं उलटी असलेल्या कोंबडीचं लिहिलंत. मागच्या महिन्यात कोट धुवायला काढला तर खिशात तसलंच एक पीस, कुरळं. ह्यांना काही विचारलं नाही. बसच्या कंडक्टरला विचारलं. तो हसला आणि म्हणाला की खाएम्बा तर दर वेळी कोंबडी घेऊन वाटेत टर्बोलाच उतरतो, एल्डोरेटला दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळ्या हाताने येतो, बाईंना माहीत नाही का. बसमधले लोकही हसले.

मी टर्बोला गेले. लाकूडगिरणीच्या फाटकाशी एक चहाची टपरी आहे, तिच्यामागे खोली. अंगणात तुमची उघड्या मानेची लाल दाणे टिपत होती. मी वाकून डावा पाय बघितला. बोट तोकडं. ठिपक्यांची होती, उलट्या पिसांची होती, सोबत बरीच पिल्लावळ. एकही कापलेली नव्हती.

टपरीवाली जेरोबोन, नांदी जमातीची बाई आहे, माझ्याहून लहान. तिने चहा दिला आणि विचारलं की मी कोण. मी सांगितलं. तिला खाएम्बाने सांगितलंय की त्याची बायको चार वर्षांपूर्वी वारली, आणि एल्डोरेटला तो बहिणीकडे राहतो. म्हणजे तुम्ही मेलात बाई, आणि मी त्याची बहीण झाले. कोंबड्या मेलेल्या बायकोच्या, म्हणून तिने जिवापाड सांभाळल्या होत्या, एकही मारू दिली नाही.

मी तिच्याशी भांडायला गेले होते, ते जमलं नाही. तिने कोंबड्या आणि पिल्लं टोपलीत भरून माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, मेलेल्या बाईचा माल सांभाळत होते, जिवंत बाईचा घरात ठेवणार नाही. आणि त्या भावालाही आता इकडे पाठवू नकोस म्हणून सांगितलं.

तर तुमच्या आईची जात माझ्या पलंगाखाली आहे. मला शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे काय करायचं ते कळवा. आणि माझ्या बदकांना हात लावलात, तर या कोंबड्यांचा रस्सा मी खरंच कांदा घालून करीन.
सिटावा


किमिलिली,
१७ ऑगस्ट १९८६

सिटावा हिस,
तुझं पत्र तीनदा वाचलं. मी मेले म्हणे. मेलेल्या बाईने या माणसाची शेतं खुरपली, त्याच्या आईचं आजारपण काढलं, त्याच्या मुलीचं लग्न ठरवलं. मेलेल्या बाईच्या हातची मक्याची उगाली त्याने परवाच चाटून खाल्ली आणि वर अजून मागितली.

तुझ्यावरचा राग उतरलेला नाही. तू दर महिन्याला नवरा सकाळी उगवतो तरी विचारत नव्हतीस, इतकी झोपाळू कशी? पण मीही दर वेळी माझ्या हाताने कोंबडीचे पाय बांधून देत होते, तेव्हा तुला किती बोलू.

बदकं कापलेली नाहीत. रविवारी सुरी घेऊन गेले तर मोठी मादी लाकडांच्या ढिगामागे अंड्यांवर बसलेली. बसलेल्या आईवर सुरी चालवणारी मी नाही. घरच्याच खुडूक कोंबडीसाठी टोपली विणलेली होती, ती तिच्याखाली सरकवली. फुसफुसली माझ्यावर.

कोंबड्या आत्ता पाठवू नकोस. पशुवैद्यकाचा माणूस म्हणतो, जागा काही महिने रिकामी राहू दे, आणि पाठवण्याआधी डोळ्यांत लसीचे थेंब घालून घे. उलट्या पिसांचीला थंडी सोसत नाही. तिला चुलीजवळ ठेव. ती गेली तर मी तुला ओळखणार नाही.

खाएम्बाला अजून एक अक्षर सांगू नकोस. माझ्या घरात, माझ्या पद्धतीने सांगायचंय.
नासाम्बू


एल्डोरेट,
३० नोव्हेंबर १९८६

थोरल्या बाई,
कोंबड्या या बसने निघाल्या. टोपली टपावर नाही, कंडक्टरच्या पायाशी आहे. त्याला बजावलंय की टर्बोला ती उतरली तर त्याला मी उतरवीन. थेंब घातले आहेत. घरमालकाने नोटीस दिली, कारण कोंबडा पहाटे पलंगाखालून आरवतो. उलट्या पिसांची चुलीजवळ झोपली, मी भिंतीजवळ झोपले. दोन कोंबडे सारखे झुंजतात, एकाचं काहीतरी करा.

ह्यांनी कोंबड्या पाहिल्या तेव्हा मी म्हटलं की बाजारातून घेतल्या. ते पायाकडे बघत राहिले. त्यानंतर टर्बोहून परत आले ते कोट न काढताच झोपले. दार तिने उघडलं नसणार. मागच्या आठवड्यात मी कुलूप बदललं. आता ते गिरणीच्या दोस्ताकडे झोपतात.

तुम्ही मला झोपाळू म्हणालात ते विसरलेले नाही.
सिटावा


किमिलिली,
२८ डिसेंबर १९८६

सिटावा हिस,
कोंबड्या पोचल्या. एक पिल्लू वाटेत दबलं, बाकी ठीक. उलट्या पिसांची बारीक झालीय, तू तिला काय खाऊ घातलंस देव जाणे.

खाएम्बा नाताळला आला. त्याचा थोरला भाऊ मखानू यालाही मी बोलावलं होतं. दोघे अवोकाडोच्या झाडाखाली बसले, मी बुसाची घरगुती दारू दिली. उघड्या मानेची लाल त्यांच्या पायांमधून चालत गेली. खाएम्बाने पेला खाली ठेवला. मखानूने विचारलं की तुझ्या सगळ्या कोंबड्या मेल्या होत्या ना, मग ही कोणाची. मी म्हटलं, मेलेल्या बाईची आहे दादा, टर्बोहून परत आली. मग सगळं सांगितलं, आवाज न चढवता. खाएम्बा म्हणाला, बायकांनी काहीतरी ऐकून घेतलंय. मखानूने त्याला कोंबडीचा पाय उचलून बघायला सांगितलं. त्याने उचलला नाही.

झुंजणारा कोंबडा मी सकाळीच कापला होता. वाढलं. तुला माहीत आहे, आपल्यात कोंबडीच्या पोटातला पेटा घरच्या पुरुषाचा. कितीही मुलं असोत, पाहुणे असोत, बाईने तो तोंडात घालायचा नाही. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तो नुसता धुतला आणि वाढला. खाएम्बा वाडग्यात बोटं घालून शोधत राहिला. मखानूचं लक्ष गेलं, त्याने माझ्याकडे बघितलं. पेटा माझ्या थाळीत होता. मी तो उचलला आणि दोघांच्या समोर खाल्ला.

मखानूने मान खाली घातली, पण मला थांबवलं नाही. खाएम्बाने हात न धुताच टोपी उचलली आणि रस्त्याकडे गेला. बस कोणती पकडली ते मी बघितलं नाही. तुझ्या दाराशी आला तर उघडायचं की नाही, ते तुझं तू ठरव. मी सांगणार नाही.

खरं सांगू, पेट्यात काही विशेष नाही गं. चिवट असतो. पण मी घाई केली नाही. पुरता चावून खाल्ला.

नासाम्बू