माणशी कर

४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझी लाँड्री ठीक चालली आहे. सरकारने नोकरामागे मालकाने भरायचा नवा कर काढलाय. पगार केवढाही असो, कर माणशी सारखाच. आपल्याकडे पगारी माणसं दोनच, व्यवस्थापक मी आणि चादरींच्या घड्या घालणाऱ्या काकू. काकूंचा पगार एवढासा आणि कर माझ्याएवढा, म्हणजे त्या एकदम महाग झाल्या. घडी घालायचं यंत्र मिळतं. यंत्राला हा कर नाही.

काकूंना सांगून टाकलं, की महिनाअखेरीपर्यंतच या. कर उतरला की पहिल्यांदा तुम्हालाच बोलावीन. त्यांनी उरलेल्या चादरींच्या घड्या घातल्या, पिशवी उचलली आणि गेल्या. वाईट वाटलं, पण मी मन घट्ट केलं.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

मन घट्ट केलंस हे वाचून धन्य झाले. लहानपणी हलणारा दात काढायचा तर तुला चौघांनी धरावं लागायचं. काकूंच्या घरी दुसरं कमावणारं कोणी नाही आणि या वयात त्यांना दारात तरी कोण उभं करणार?

मी वकिलांना विचारलं. कर पगारी माणसावर आहे, नफ्यातल्या वाटेकऱ्यावर नाही. तेव्हा काकूंना मी भागीदार करून घेतेय. सोबतच्या कागदांवर त्यांची सही घे. यंत्र नको. इथे बसून मला रोजचं काही दिसत नाही, म्हणून यापुढे कारभारात त्यांचा शब्द तो माझा शब्द.

तब्येतीला जप, आणि रुसलास तरी पत्र लिही.

तुझी ताई

९ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

भागीदारीणबाई कामाला लागल्या. पहिल्या दिवशी नेहमीसारख्या घड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी गल्ल्याशी येऊन बसल्या आणि मी दिवसभर काय काय करतो ते विचारलं. मी सांगितलं. अजून काही सांगायचं असेल, असं वाटून त्या बराच वेळ थांबल्या.

काल म्हणाल्या, की लाँड्रीत पगारी माणूस आता एकच उरलाय आणि सगळा कर त्याच्यापायी जातोय. गिऱ्हाइकांशी त्यांना बोलता येतं, मला घडी घालता येत नाही. मग अगदी मायेने म्हणाल्या, की महिनाअखेरीपर्यंतच या. कर उतरला की पहिल्यांदा तुम्हालाच बोलावीन.

ताई, फार लागलं. समोर चादरी पडल्या होत्या, त्यांच्या घड्या घातल्या, पिशवी उचलली आणि निघालो. दारातून वळून पाहिलं, तर काकू माझ्या घड्या उलगडून पुन्हा घालत होत्या.

तू एकदा त्यांच्याशी बोलून बघ. आणि माया पाठवत राहा, तिच्यावर अजून कर बसलेला नाही.

तुझा धाकटा