किटली, खुरपं आणि हयात जावयाबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षकसाहेब,
शहर पोलीस ठाणे.

विषय: जावयाला उकळत्या पाण्याने भाजून, वर मीठ भरून मारल्याच्या संशयावरून जप्त झालेली किटली, खुरपं व व्हिनेगरची बाटली परत मिळण्याबाबत.

संदर्भ: शेजारच्या शिंपिणबाईंनी कुंपणाला कान लावून केलेली तक्रार.

महोदय,

मारलं, हे खरं. पण ते जावयाला नाही, लव्हाळ्याला.

१. माझ्या अंगणात फरशीच्या फटींतून लव्हाळा उगवतो. न बोलावता येतो, चांगली जागा बघून बसतो, दुसऱ्याच्या वाटणीचं पाणी पितो आणि जाता जात नाही. म्हणून मी त्या तणाला पहिल्यापासून 'जावईबापू' म्हणते. खऱ्या जावयाचा अपमान करायचा हेतू नव्हता. थोडा होता, पण तो घरगुती आहे.

२. या तणाला साधं समजू नये. त्याचं एक पातं माझ्या रबरी चपलेतून आरपार वर आलं आणि त्याने अंगठा आवळला. दुसऱ्याने धुण्याचा दगड उचलला, मी त्यावर बसलेली असताना. शेजारची गच्ची मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

३. घटनेच्या दिवशी मी किटलीभर उकळतं पाणी थेट त्याच्या मुंडक्यावर ओतलं. चर्र झालं, पाती आडवी पडली. जी उरली त्यांच्या तोंडावर भर उन्हात व्हिनेगर मारलं, त्यात भांड्याचा साबण कालवून, म्हणजे ते अंगाला चिकटतं आणि नीट जाळतं. फटीत मीठ भरलं. (वाफ्यात मीठ घालू नये, टोमॅटोही मरतात. आपल्याकडे बाग असेल म्हणून सांगते.) मग खुरपं खुपसून जमिनीखालच्या गाठी उपसल्या आणि दगडाने चेचल्या. तेव्हा तोंडाने एवढंच म्हणाले, "जावईबापू, आज तुमचं नरडं फोडते, तुमचा निर्वंश करते." नेमकं तेवढंच शिंपिणबाईंनी ऐकलं.

४. आपले हवालदार आले. म्हणाले, "आजी, बॉडी कुठंय?" मी म्हटलं, "बादलीत." ते पायरीवरच बसले. पाणी पाजल्यावर त्यांनी बादलीत डोकावलं आणि चिडले. "तणाला कोण जावई म्हणतं?" मी म्हटलं, "तुमच्या सासूबाईंना विचारून बघा." यानंतर जप्ती झाली.

५. आता खरी अडचण. स्वतःच्या घराला रंग लागेपर्यंत आमच्याकडे राहायला आलेले खरे जावई हे सगळं वरच्या खिडकीतून ऐकत होते. ते कडी लावून बसलेत. लेक ताट नेते, तर पहिला घास मांजराला देतात. मांजर गुबगुबीत झालं, जावई वाळले. लेक मला म्हणाली, "आई, हसू नकोस. तो खरंच घाबरलाय. आम्ही उद्या जातो, परत येणार नाही." तिने बॅग भरायला घेतली आहे. साहेब, तेव्हापासून मी हसलेले नाही.

६. जावई विमा कचेरीत आहेत, त्यांचा शिक्क्याशिवाय कशावर विश्वास नाही. तरी 'सदर जावई हयात असून सासूकडून त्यांच्या जिवाला धोका नाही' असा शिक्क्याचा कागद आजच द्यावा. कागद दाराखालून आला की कडी काढतो, असं त्यांनी कबूल केलंय. किटलीही द्यावी, म्हणजे ते खाली आल्यावर आधी चहा टाकता येईल. खुरपंही लगेच हवं, कारण लव्हाळा पुन्हा वीतभर झाला आहे.

७. तणाला दुसरं नाव द्या, असं हवालदारांनी बजावलं. नात्यातलं एकही नको, असं लेकीने बजावलं. म्हणून खूप विचार करून मी त्याचं नाव 'इन्स्पेक्टरसाहेब' ठेवलं आहे. उद्या सकाळी शिंपिणबाई धावत येऊन काही सांगू लागल्या, तर आपण घाबरू नये.

आपली नम्र, पण खुरप्याशिवाय लंगडी,
(सही)
कोपऱ्यावरच्या घरातली आजी

दिनांक: हवालदार पायरीवर बसले त्याचा आठवा दिवस

सोबत:
१. मयत लव्हाळ्याची गाठ, चेचलेली. ओल्या जागी ठेवू नये, उठेल.
२. 'मी अजून जिवंत आहे', जावयांची चिठ्ठी. यातला 'अजून' त्यांनी स्वतः घातला आहे.